‘आज तरी राजकारण नको’ असे म्हणण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशातील राजकीय वातावरण तापलेले असताना राष्ट्रीय दिन उत्साहाने साजरा करावा की नाही, यावर आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात गेले काही दिवस चाललेली चर्चा मी न चुकता वाचतो आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, वर्षातून किमान एक दिवस तरी मतभेद खुंटीला टांगून सर्वांनी आनंदात सामील व्हावे. दुसऱ्या पक्षाचे असे की, माणसे रस्त्यावर लाठ्या खात असताना आणि विरोधात बोलणारे तुरुंगात असताना रोषणाई करणे हा निर्लज्जपणा आहे. दोन्हीकडच्या पत्रलेखकांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. मात्र हा दिवस सत्तेवर असलेल्यांच्या मालकीचा आहे, असे दोघेही नकळत धरून चालतात. एक म्हणतो त्यांच्या आनंदात या, दुसरा म्हणतो त्यांच्या आनंदावर पाणी टाका. माझा आक्षेप या मालकीलाच आहे.

आधी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती काही अभिमानाने मिरवावी अशी नाही. काही वर्षांपूर्वी अशाच अस्वस्थ काळात मी ध्वजवंदनाला जायचे नाही असे ठरवले आणि वर्तमानपत्र उघडून घरी बसून राहिलो. ठरल्या वेळी ध्वनिक्षेपकाची खरखर झाली, राष्ट्रगीत सुरू झाले आणि पहिली ओळ संपायच्या आत मी उभा होतो. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात चश्मा, समोर भिंत. खोलीत पाहणारे कोणी नव्हते. गीत संपल्यावर खाली बसताना मला ओशाळल्यासारखे झाले. ज्यांच्यावर माझा राग होता, त्यांना माझ्या गैरहजेरीचा पत्ताही नव्हता. पत्ता लागला तो दरवर्षी स्वतःच्या हाताने ध्वजाची घडी घालणाऱ्या शेजाऱ्यांना. संध्याकाळी त्यांनी “बरे नव्हते का?” असे विचारले, तेव्हा मी “हो, जरा कणकण होती” असे सांगितले. निषेध म्हणून मी घरी बसलो होतो, आणि तो निषेध मला एका भल्या माणसासमोर उच्चारताही आला नाही.

पुढच्या वर्षी गेलो. ध्वज फडकला, गीत झाले, आणि मग प्रमुख पाहुण्यांनी अर्धा तास एका नेत्याची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा केली. टाळ्या वाजवणे जमेना आणि उठून जाणेही जमेना. तेव्हा घरी बसण्याने जसे समाधान लाभले नव्हते, तसे जाण्यानेही लाभले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

‘आज तरी राजकारण नको’ हे वाक्य अशा प्रसंगी फार सहज उच्चारले जाते. पण जगातले बहुतेक राष्ट्रीय दिन हे मुळात राजकीय भांडणाचेच स्मारक असतात. फ्रान्सचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयचा तुरुंग पडला आणि रक्त सांडले. त्याच तारखेला पुढच्या वर्षी पॅरिसच्या ‘शां द मार्स’ मैदानावर ऐक्याचा उत्सव झाला. त्यासाठी मैदान खणायला आणि माती वाहायला शहरातले सर्व थरांतले लोक स्वतः फावडी आणि हातगाड्या घेऊन आले होते. भर पावसात तेथील ‘मातृभूमीच्या वेदी’पाशी राष्ट्रीय रक्षक दलाचा सेनापती लाफायेत याने निष्ठेची शपथ घेतली, राजा सोळाव्या लुईनेही घेतली, आणि आता सारे एक झालो असे लोकांना वाटले. ते ऐक्य किती टिकले? १७ जुलै १७९१ रोजी त्याच मैदानावर, त्याच वेदीवर, राजाला हटवावे या मागणीच्या अर्जावर सह्या करण्यासाठी लोक जमले, आणि त्याच लाफायेतच्या हाताखालील राष्ट्रीय रक्षक दलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आदल्या वर्षी तेथे माती वाहिलेल्यांपैकी कोणी त्या जमावात असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे ६ जुलै १८८० च्या कायद्याने १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन ठरला, तेव्हाही हा दिवस १७८९ च्या उठावाचा की १७९० च्या सलोख्याचा, यावर वाद झालाच. कायद्याच्या मजकुरात मात्र सालाचा उल्लेखच नाही. मला ही पळवाट वाटत नाही. ज्याला उठाव आठवायचा त्याने उठाव आठवावा, ज्याला सलोखा आठवायचा त्याने सलोखा, एवढी मोकळीक त्या मौनात आहे. याच्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पहिल्या उत्सवाच्या तीनच दिवस आधी, ११ जुलै १८८० रोजी, १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे सरकारविरुद्धच्या त्या शहरातील उठावात, भाग घेतल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना सरसकट माफी देणारा कायदा झाला. हद्दपार झालेल्यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला, आणि मग दिवे लागले. ‘सर्वांनी आनंदात सामील व्हावे’ असे आवाहन करणाऱ्या कोणत्याही सरकारला हा क्रम दाखवावासा वाटतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. उत्सवात सामील न होणारा माणूस राष्ट्राचा शत्रूच, असे म्हणणाऱ्यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी गांधीजी कोठे होते ते आठवावे. ते दिल्लीत नव्हते. कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागातील हैदरी मंझिल या पडक्या घरात ते मुस्लिम लीगचे नेते सुऱ्हावर्दी यांच्यासोबत राहत होते, आणि दोनच दिवसांपूर्वी संतप्त तरुणांनी त्या घराच्या खिडक्यांची तावदाने दगडांनी फोडली होती. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचा तो पाचवा स्मृतिदिनही होता. गांधीजींनी दिवसभर उपवास केला, प्रार्थना केली आणि सूत काढले. पण इतरांच्या आनंदाला त्यांनी नाके मुरडली नाहीत. दर्शनाला येणाऱ्या गर्दीला ते भेटत राहिले, भेटीला आलेल्या नव्या मंत्र्यांना सत्तेपासून जपून राहा असे बजावले, आणि हिंदू-मुसलमान एकत्र येऊन रस्त्यांवर आनंद करत आहेत हे पाहायला रात्री शहरात फेरीही मारली. ऑगस्ट संपता संपता त्या शहरात पुन्हा हिंसा उसळली आणि १ सप्टेंबरला त्यांना उपोषण आरंभावे लागले, ही पुढची गोष्ट. सण साजरा न करताही त्या सणाशी किती जवळचे नाते ठेवता येते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. माझी कणकण त्याच्यापुढे फारच केविलवाणी ठरते.

प्रजासत्ताकाचीही तीच कथा आहे. २६ जानेवारी ही तारीख निवडली गेली ती १९३० साली त्या दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती म्हणून. म्हणजे सतरा वर्षे लोकांनी स्वातंत्र्य नसताना स्वातंत्र्यदिन पाळला. आणि त्या तारखेला राज्यघटना पूर्णपणे अमलात येण्याच्या दोन महिने आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटना समितीत सांगितले की, २६ जानेवारीला आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत; राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा इशाराही त्यांनी दिला. ज्या दिवसाचा पाया स्वतः घातला, त्या दिवसाबद्दल तो उगवण्याआधीच अशी शंका बोलून दाखवणाऱ्याला ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून गप्प करण्याची कोणाची टाप नव्हती. आज एखाद्या तरुणाने ध्वजाला वंदन करून, त्याच मैदानावर हेच वाक्य उच्चारले, तर त्याला किती मिनिटे बोलू दिले जाईल, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

ज्यांना तो आनंद मुळात देऊच केला गेला नाही, त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. अमेरिकेत स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांना १८५२ साली रोचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाचे आमंत्रण आले, तेव्हा ते ४ जुलैला नव्हे, तर ५ जुलैला बोलले. हा दिवस तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक केला पाहिजे, अशा आशयाचे त्यांचे शब्द सभागृहातील हितचिंतकांनाही झोंबले असतील. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कायदा तेव्हा नुकताच, १८५० साली, कडक झाला होता. तरीही त्याच भाषणात त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तत्त्वांना धरून राहा असे सांगितले आणि शेवटी आपण या देशाबद्दल निराश नाही असेही म्हटले. एक दिवस उशिरा येऊन त्यांनी दिवस आणि त्याचे वचन यांतले अंतर मोजून दाखवले, आणि वचन मात्र सोडले नाही.

बहिष्काराची भाषा बोलणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की, दिवस सोडून दिल्यावर तो कोणाच्या हाती जातो? १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत वर्चस्वाखालील साम्यवादी राजवटीविरुद्ध उठाव करताना हंगेरीतील लोकांनी ध्वज टाकून दिला नाही. मधले राजवटीचे चिन्ह कातरीने कापून काढले आणि भोक पडलेला ध्वज घेऊन ते रस्त्यावर उतरले. ध्वज आमचा, चिन्ह तुमचे, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल. मात्र त्या उठावाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २३ ऑक्टोबर २००६ रोजी, बुडापेस्टमध्ये सरकारविरोधी निदर्शकांनी प्रदर्शनात ठेवलेला जुना रणगाडा चालू करून पोलिसांच्या दिशेने नेला, पोलिसांनी अश्रुधूर आणि रबरी गोळ्या वापरल्या, आणि मेलेल्यांचे स्मरण बाजूलाच राहिले. दिवसावर हक्क सांगणे म्हणजे त्याची ओढाताण करणे नव्हे, हे मलाही मान्य आहे. ही रेघ नेमकी कोठे ओढावी, याविषयी मी ठाम नाही.

सत्ताधाऱ्यांनी लोकांना टाळले की काय होते, त्याचे एक चित्र पोर्तुगालमध्ये दिसले. ५ ऑक्टोबर २०१२ हा तेथील प्रजासत्ताक दिन. काटकसरीच्या धोरणामुळे देश धुमसत होता, म्हणून मुख्य समारंभ नेहमीच्या खुल्या चौकाऐवजी बंदिस्त आवारात घेण्यात आला. लिस्बनच्या ज्या नगरभवनाच्या सज्जातून १९१० साली प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती, तेथे राष्ट्राध्यक्षांनी दोरी ओढली आणि ध्वज उलटा वर चढला. चूकच होती ती, पण लोकांनी तिच्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. पुढच्या वर्षीपासून काटकसर म्हणून ती सार्वजनिक सुटीही बंद झाली आणि २०१६ मध्ये परत आली.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरते असे ठरवले आहे की, यंदा ध्वजवंदनाला जायचे. पाहुण्यांचे भाषण पुन्हा प्रचारसभेच्या वळणावर गेले, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि कार्यक्रम संपल्यावर आयोजकांना तसे स्पष्ट सांगायचे. जे येणार नाहीत त्यांच्याबद्दल ‘का आला नाहीत’ असा जाबसाल कोणी आरंभला, तर त्याला अडवायचे. आणि शेजाऱ्यांना त्या वर्षीच्या कणकणीचे खरे कारण सांगायचे. हे सर्वांत अवघड दिसते.

आपल्याकडे मात्र एक मागणी आहे. राष्ट्रीय दिनाच्या अंकात शुभेच्छांच्या जाहिराती पानोपानी असतात, आणि त्या गर्दीत वाचकपत्रांचा स्तंभ जागेअभावी गळतो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. यंदा तो गाळू नये. ज्यांना आनंद वाटतो त्यांची पत्रे आणि ज्यांना वाटत नाही त्यांची पत्रे त्याच दिवशी, त्याच पानावर, शेजारी शेजारी छापावीत. जागा कमी पडत असेल, तर माझे हे लांबलेले पत्र खुशाल निम्मे करावे.

आपला नम्र,
एक जुना वाचक