हिबारीच्या गाण्याला नक्कल म्हणू नका

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जपानी पॉप संगीतावरचा लेख वाचला. पाश्चात्त्य गाण्यांचे कव्हर अल्बम, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या आवाजात गायलेले अल्बम, ही 'निव्वळ उसनवारी', असं त्यात एका ओळीत उडवून लावलं आहे. ते मनाला लागलं, म्हणून लिहिते आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते. त्याआधी यजमानांच्या नोकरीमुळे तीन वर्षं योकोहामात होते. आमच्या घरमालकीण आजींकडे जपानी गायिका मिसोरा हिबारीची 1965 सालची एक तबकडी होती. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकी जॅझ गायक नॅट किंग कोल वयाच्या 45व्या वर्षी गेला आणि त्याच वर्षी हिबारीने त्याच्या आठवणीत त्याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. आजी भांडी घासताना तो लावायच्या. 'स्टारडस्ट' सुरू झालं की नळ बंद करायच्या आणि ओले हात तसेच धरून उभ्या राहायच्या.

हिबारी योकोहामाचीच, मासे विकणाऱ्याची मुलगी. हिबारी म्हणजे चंडोल. युद्ध संपलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. शहरात अमेरिकी सैन्य आणि त्यांच्यासोबत आलेला जॅझ. बाराव्या वर्षी तिचं गाणं देशभर गाजत होतं. टेलकोट आणि उंच हॅट घातलेला तिचा त्या वयातला पुतळा नोगे भागात आहे, मी कितीदा तरी त्याच्यापाशी थांबले आहे. म्हणजे हे संगीत तिने मोठेपणी बाजारातून उचललेलं नाही, ते कानावर घेतच ती वाढली.

आणि तिचं इंग्रजी ऐका. जपानीत 'ल' नाही; 'न' सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही. 'लव्ह'चं 'राबु' होतं. माझ्या वर्गात याच्या उलट अडचण असते: आपली मुलं शेवटचा स्वर खाऊन टाकतात आणि मी तो म्हणून घेता घेता थकते. हिबारीने परक्या भाषेतले असले उच्चार कानाने टिपले आणि सुरात बसवले. कोलचा आवाज काढायचा प्रयत्न तिने कुठेच केलेला नाही.

खुद्द कोलने 'एल-ओ-व्ही-ई' हे आपलं गाणं जपानीत गायलं होतं. त्याला उसनवारी कोण म्हणतं? आपल्याकडे यमनची एकच बंदिश दहा गायक गातात, आणि आपण प्रत्येकाची वेगळी ऐकायला जातो.

लेखकाने ही तबकडी ऐकली असती, तर ती ओळ लिहिली नसती असं मला मनापासून वाटतं. या एका अल्बमवर पुरवणीत अर्धं पान तरी द्यावं, ही विनंती. जपानी मजकूर वाचून द्यायला, भाषांतर करायला मी आनंदाने येईन.

— जपानी भाषेची एक शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे