पवनीला जा, पण घाट शेवटी

महोदय,

किल्ला म्हटलं की आपल्याला सह्याद्रीच आठवतो. वैनगंगेकाठचा पवनीचा किल्ला मात्र नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे जेमतेम 80 किलोमीटर. उन्हाळ्यात पहाटेच निघावं. नऊनंतर तटावर उभं राहवत नाही. आधी दरवाजा, मग खंदकाच्या कडेनं तट, शेवटी घाट. वरच्या अंगाच्या गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं की ते पायऱ्यांवर चढतं, खालच्या पायऱ्या शेवाळतात, चप्पल घसरतेच. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला, माहीत नसेल तर नुसता उंचवटा वाटतो.

तटातला पिंपळ मात्र वरवर छाटू नये. मूळ आत जाड होतं, सांधा उघडतो, पावसाचं पाणी शिरतं आणि दगड सुटतो. मूळ मारून सांधा चुन्यानंच भरावा, सिमेंटनं नव्हे.

— एक वाचक, नागपूर