वेस्टडेल मॉलमधल्या त्या बाईंना, एका सांगलीकराकडून

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला कधी कळलं नाही. गळ्यात लिन काउंटीचं, म्हणजे आमच्या भाषेत जिल्ह्याचं, ओळखपत्र असायचं, पण बघावं तेव्हा ते उलटं फिरलेलं. मराठीतलं हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल अशी आशा आहे.

आम्ही सांगलीची माणसं पूर फुटांत मोजतो. आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांवर गेलं की धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला आल्यावर कळलं की इथं 12 फुटांवरच पूर धरतात आणि तोवरचा विक्रम 20 फुटांचा, तोही 1851 आणि 1929 चा. त्यामुळे 2008 च्या जूनमध्ये अंदाज रोज वर सरकायला लागले तरी टाइम चेक भागातल्या आमच्या गल्लीत फारसं कुणी हललं नव्हतं. 13 जूनला सीडर नदी 31.12 फुटांवर जाऊन थांबली. कोयनेचा विसर्ग कमी करा म्हणून भांडायचीही सोय नव्हती, कारण वरच्या अंगाला पूर अडवणारं धरणच नाही.

सिटी हॉल, काउंटीचं कोर्ट आणि तुरुंग, सगळं नदीतल्या मेज बेटावर. भर पात्रात सरकार थाटायची कल्पना कुणाची, देव जाणे. तेही बुडालं. कैदी दुसरीकडं हलवले, कोर्ट किर्कवूड कॉलेजात गेलं आणि काउंटीची कार्यालयं वेस्टडेल मॉलमध्ये आली. तिथं घडीच्या टेबलामागं तुम्ही बसला होतात.

आमच्याकडं पूर आला की सगळे कलेक्टरकडं बघतात. इथं कलेक्टरच नाही. सुपरवायझर निवडून आलेले, शेरीफ निवडून आलेला, ट्रेझररही निवडून आलेला; शिवाय सिटी वेगळी, राज्य वेगळं, फेमा म्हणजे केंद्र सरकारची आपत्तीत मदत करणारी संस्था वेगळी. घर गेलेल्या माणसाला कुठल्या दारात उभं राहायचं तेच कळत नाही. मी आलो होतो बुडालेल्या गाडीच्या नोंदणीचं विचारायला. ते काम तुमचंच होतं, पटकन झालं. तुमचे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टींसाठी.

माझ्या हाताची पट्टी बघून तुम्ही विचारलंत, “धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?” नाही म्हटल्यावर पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढून दिलात, आरोग्य खात्याची माणसं कुठं बसलीत त्याचा. मग माझ्या पिशवीतला चिखलाचा गठ्ठा बघितलात. त्यात आमचा लग्नाचा दाखला, बायकोच्या मार्कशीटा, आईची पत्रं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. मी ते अंगणात वाळत घालणार होतो. तुम्ही म्हणालात, उन्हात टाकू नका, ओढून सोडवू नका. पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबेल, मग सवडीनं एकेक सुटं करा. मॅरियनला ज्या मित्राकडं राहत होतो त्याच्या फ्रीजरमध्ये तो गठ्ठा महिनाभर मटारच्या पिशव्यांशेजारी होता. पत्रांची शाई फुटली, पण दाखला आणि मार्कशीटा वाचल्या.

रांगेत लोक तुमच्यावर ओरडत होते. त्यांचा राग खोटा नव्हता. पाच हजारांवर घरं पाण्यात गेली होती, आणि पडक्या घरांचे पैसे मिळेपर्यंत माणसं पुढंही थकून गेली. त्या दिरंगाईबद्दल लिहायचं तर दुसरं पत्र लागेल, आणि ते तुमच्या नावे नसेल. तुम्ही कुणालाही “हे आमच्याकडं येत नाही” एवढंच सांगून वाटेला लावलं नाही. सिटीचं काम असेल तर सिटीत फोन लावून, समोर माणूस आल्याची खात्री करून मगच फोन हातात द्यायचात. सरकारी टेबलापलीकडून असं मी त्याआधी कुठंच बघितलं नव्हतं, इथंही आणि तिकडंही.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा भावाला फोनवर तुमचाच सल्ला दिला. तो वैतागला, “दादा, लाइट कुठाय इथं?” रस्ते सुरू झाल्यावर भिजलेले सातबारे आणि खरेदीखत विट्याला बहिणीच्या फ्रीजरमध्ये गेले. बहीण आठवडाभर कुरकुरत होती.

तुमचा आभारी,
सीडर रॅपिड्समधला एक सांगलीकर