वापरलेली शिडाची नौका विकताना काय सांगायला हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गोव्यात विक्रीस असलेल्या एका वापरलेल्या शिडाच्या नौकेची माहिती नुकतीच प्रसिद्ध झाली. लांबी 33 फूट, सहा जणांच्या निजण्याची सोय, डिझेल इंजिन, 'संपूर्ण सुसज्ज', 'वेग 10 नॉट' (म्हणजे ताशी 10 सागरी मैल) आणि 'उत्कृष्ट स्थिती' असे तिचे वर्णन होते. ते वाचून बेळगाव, खानापूर आणि निपाणी इथले आम्ही तिघे मित्र चोर्ला घाट उतरून दोन वेळा ती नौका पाहून आलो. मी नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मुंबईत असताना शिडाची होडी हाकायला शिकलो आणि पुढचे सगळे आयुष्य बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, गेले. त्यामुळे वारा आणि धातू या दोन्ही बाजूंनी जे दिसले ते वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वेगाबद्दल. नौका पाणी कापत निघाली की तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, आणि मागच्या बाजूला लाट उठते, आणि वेग वाढत जातो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्याला टेकलेल्या लांबीइतकी झाली की नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते आणि त्यापुढे कितीही शीड चढवले तरी ती जास्त कलते, पण जास्त धावत नाही. ही मर्यादा काढण्याचा सर्वमान्य हिशेब सोपा आहे: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 1.34 ने गुणावे. या नौकेची ती लांबी 27 फूट आहे, म्हणजे उत्तर सुमारे 7 नॉट, ताशी 13 किलोमीटर, एवढेच येते. मोठ्या लाटेवरून उतरताना क्षणभर 10 चा आकडा दिसत असेलही, पण तो नौकेचा वेग म्हणून छापणे बरोबर नाही. प्रवासाचा बेत 5 नॉट सरासरी धरूनच करावा. अहोरात्र चालली तर 120 सागरी मैल होतात आणि एवढ्या लांबीच्या नौकेसाठी ते चांगलेच आहे.

खरी परीक्षा होते ती वाऱ्याच्या तोंडावर जाताना. पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे कारवारहून पणजीकडे परतणाऱ्याला तो समोरूनच घ्यावा लागतो. कोणतीही शिडाची नौका थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही. ती आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अशी नागमोडी वाट काढत वर चढते. शिडे चांगली असतील तर वाऱ्याशी 45 अंशांचा कोन साधतो. या नौकेचे मुख्य शीड आम्ही धक्क्यावर उलगडून पाहिले. कापड हाताला जुन्या धोतरासारखे मऊ लागत होते, मधोमध झोळ पडला होता आणि मागच्या कडेची शिवण बोटाने ओढताच दोन ठिकाणी उसवली. अशा शिडावर तो कोन 55 अंशांपर्यंत जातो. 45 अंशांवर 5 नॉटने जाणारी नौका वाऱ्याच्या दिशेने तासाला साडेतीन सागरी मैल पुढे सरकते, तर 55 अंशांवर साडेचार नॉटने जाणारी जेमतेम अडीच मैल. समोरच्या वाऱ्यात 20 मैल गाठायला पहिलीला साडेपाच-पावणेसहा तास लागतील, दुसरीला पावणेआठ. दोन तासांचा हा फरक म्हणजे उजेडात बंदरात शिरणे आणि अंधारात खडक चुकवत शिरणे यांतला फरक आहे. मजकुरात शिडांची संख्या चार दिली होती. त्यांचे वय मात्र कुठेच नव्हते.

आता धातूकडे येतो. नौकेच्या पोटाखाली ओतीव लोखंडाचे जे जड पाते असते त्याला कील म्हणतात. एकूण 5 टन वजनापैकी 2 टन या कीलमध्ये आहे आणि 40 टक्के हे प्रमाण समुद्रात जाणाऱ्या नौकेला साजेसे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. नौका बांधणाऱ्याने ती मनापासून बांधली आहे. पण हे पाते ज्या बोल्टांनी पोटाला आवळलेले असते ते बोल्ट आम्ही तळातले पाणी उपसून पाहिले, तेव्हा दोन नटांचे कोपरे गंजून गोल झाले होते आणि पापुद्रे सुटत होते. सांध्यात पाणी मुरले की आतला बोल्ट बाहेरून दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त खाल्लेला असू शकतो. स्टेनलेस स्टीलही याला अपवाद नाही, कारण खाऱ्या पाण्यात हवा न लागणाऱ्या फटीत तेही गंजते. हाच प्रकार डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचा. 19 पेडांच्या तारेतला एक पेड खालच्या टोकाला बसवलेल्या नळीच्या तोंडाशी तुटून बाहेर आला होता. विक्रेत्याचे म्हणणे की बाकी 18 शाबूत आहेत. एक पेड तुटला म्हणजे तार बदलायची वेळ झाली आहे, आणि दहा-बारा वर्षांनी तर सगळा संचच तपासून नवा करावा लागतो.

सर्वांत जास्त वाईट मला स्वयंपाकघराखालच्या पाण्याच्या व्हॉल्व्हचे वाटले. तो साध्या पितळेचा होता. समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, जो दिसायला धड असतो पण ठिसूळ होतो. मी चावीच्या टोकाने थोडे खरवडले तर आतून पिवळ्याऐवजी गुलाबी रंग निघाला. हे व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीखाली असतात. एक जरी तुटला तरी तेवढ्या मोठ्या भोकातून समुद्र आत येतो. तिथे कांस्य किंवा समुद्रासाठीचा खास मिश्रधातूच हवा, आणि बेळगावच्या कोणत्याही फाउंड्रीतला कामगार हा फरक सांगू शकेल. त्याच फळीच्या मागे घरगुती गॅसचा सिलिंडर उभा होता. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळात साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या हवेत उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत आहे. जीवरक्षक तराफ्याच्या तपासणीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. इंजिन मात्र पहिल्या फटक्यात सुरू झाले, धूरही स्वच्छ होता.

वापरलेली नौका घेऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादई नदीचे नाव दिलेली नौदलाची 56 फुटी 'म्हादेई' गोव्यातच बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि त्याच नौकेवरून 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता ती पूर्ण केली. दुसऱ्या खेपेला 'म्हादेई'ही वापरलेलीच होती. पण तिचा प्रत्येक दोर, प्रत्येक खिळा कोणी ना कोणी तपासत होते.

आपल्याला विनंती अशी की, जाहिरातदाराने दिलेले वर्णन पुरवणीत बातमीच्या स्वरूपात येऊ नये, आणि आलेच तर शिडांचे व तारांचे वय, नौका पाण्याबाहेर काढून शेवटची कधी तपासली, इंजिन किती तास चालले आणि तपासनिसाचा अहवाल आहे की नाही, एवढे तरी विक्रेत्याला विचारून छापावे. समुद्रापासून शंभर किलोमीटर दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना या गोष्टी सांगणारे दुसरे कोणी नसते, आणि निवृत्तीची पुंजी यात गुंतवणारे आम्ही तिघेच आहोत असेही नाही. आम्ही विक्रेत्याला नौका क्रेनने उचलून कील दाखवण्याची विनंती केली असून खर्च आम्ही देण्यास तयार आहोत. पाऊस सुरू होण्यापूर्वी होकार आला तर काय आढळले ते आपल्याला अवश्य कळवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त फाउंड्री कारागीर,
टिळकवाडी, बेळगाव