बुजऱ्या घोडीला रस्त्यावर आणणाऱ्या चाचांचे आभार

आदरणीय चाचा,

सादर नमस्कार.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घेतलेली आमची घोडी आता टांग्याला जुंपून नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सुखरूप जाते-येते. हे आपल्यामुळे झाले आणि ते चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

घोडी टांग्याला शिकलेली आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. परंतु ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा, मोठ्याने गाणी लावलेला ट्रॅक्टर मागून आला की ती अंग चोरून रस्त्याच्या मधोमध येई, आणि शेतात वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा (प्लॅस्टिकचा) कागद वाऱ्याने फडफडला की जागीच थिजे. बहुतेकांनी चाबूक सुचवला. आपण मात्र आल्या दिवशी तिला जुंपूच दिले नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त थेट शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे थोडे सुटते; झापडे लावली की मागचे सारेच नाहीसे होते आणि उरतो तो नुसता आवाज, हे आपण समजावलेत तेव्हा तिच्या भीतीमागचे कारण कळले. मग लांब लगाम धरून तिच्यामागे पायी चालणे, नांगरलेल्या रानात जुने टायर ओढवणे, दुसऱ्या माणसाने रिकामा टांगा आधी तिच्या पुढून, मग बाजूने आणि शेवटी मागून ओढत नेणे, असा क्रम आपण लावून दिलात. ती एखाद्या पायरीवर अडली की आपण विनातक्रार एक पायरी मागे येत होतात. हा धीर मी फार थोड्या जाणत्यांत पाहिला आहे.

जुंपताना एक माणूस सतत तोंडाशी उभा हवा, आणि घोडी गाडीतून सुटल्याखेरीज झापडांसकट लगाम कधीही उतरवायचा नाही, कारण मागे चिकटलेली गाडी एकाएकी दिसली तर शहाणा घोडाही उधळतो, हे आपले दोन नियम आमच्या घरी आता पोरेही पाळतात. टांगा उलाळ (मागे जड) होऊ नये म्हणून माणसे कुठे बसवायची, हेही आपणच दाखवलेत. मागे भार जास्त झाला की दांड्या वर उचलल्या जातात, पोटाखालचा पट्टा काचतो, आणि आपण त्याला बुजणे समजतो.

ट्रॅक्टर दिसताच शेताच्या वाटेवर वळून घोडीचे तोंड त्याच्याकडे करून थांबायचे, लगाम आवळण्याऐवजी तिच्याशी बोलत राहायचे, हे मला सर्वाधिक उपयोगी पडले. तिचे दोन्ही कान एकाच दिशेला रोखले गेले की मी आता आधीच वाट शोधतो.

आपण मोबदला घेतला नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतलात (साखर कारखान्याच्या मुलखात हे जरा खटकले). कालव्यावरच्या पुलाच्या उतारावर गाडीचा भार तिच्या पुठ्ठ्यामागच्या पट्ट्यावर आला की ती अजून कच खाते. पट्टा एक भोक सैल करावा की तसाच ठेवावा, याचा निर्णय मी आपल्यावर सोडला आहे. गुरुवारी बाजाराला याल तेव्हा साज एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.

आपला नम्र,
कालव्याकाठचा शेतकरी