मनरो बेटावरच्या त्या काका-काकूंचे आभार

केरळात कोल्लमजवळ, अष्टमुडी तलाव आणि कल्लडा नदी मिळतात तिथे मनरो बेट आहे, मागच्या महिन्यात आईला घेऊन गेले होते. मासेमारी, नारळ, काथ्या यावर जगणारी साधी माणसं. संध्याकाळी भरतीचं पाणी पायवाटेवर आलं आणि आईचा पाय निसटून ती थेट कालव्यात, कमरेपर्यंत चिखलात! मला तर काही सुचेचना, मी नुसती ओरडत होते.

समोरच्या अंगणात एक काका जाळं विणत बसले होते, ते जाळं तसंच टाकून पाण्यात उतरले आणि आईला काखेत धरून वर घेतलं. त्यांच्या बायकोने घोट्याला कोमट खोबरेल तेल चोळलं, स्वतःचा कोरडा मुंडू (तिकडचं लुंगीसारखं वस्त्र) नेसायला दिला, आणि आईच्या चपलेतला चिखल काडीने कोरून धुवून दिला. भाषा एकमेकींची कळत नव्हती पण दोघी बोलतच होत्या.

नंतर काकांनी अंधारात छोट्या होडीतून बांबू टेकवत आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं. वाटेत पूल इतके बुटके की वाकावं लागतं, प्रत्येक पुलाखाली काकू आईच्या डोक्यावर आपला हात धरायच्या, म्हणजे लागलं तर हाताला लागेल. हे मी कधीच विसरणार नाही. पैसे पुढे केले तर दोघांनी माना हलवल्या आणि उलट आईच्या पिशवीत दोन नारळ घातले.

नावं विचारायची राहूनच गेली हो. आईचा घोटा आता बरा आहे, ती रोज तुमची आठवण काढते. अम्मा, चेट्टा, मनापासून आभार.