गणिताची मायनर: रविवारच्या बैठकीआधी वाचा

नमस्कार मंडळी,

इंजिनिअरिंगसोबत गणिताची मायनर (मुख्य पदवीला जोडून घ्यायचा जादा विषयांचा संच) घ्यायचा विचार असणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, कॉलेज रोडवर नेहमीच्या जागी. येताना आपापल्या कॉलेजची क्रेडिट नियमावली छापून आणा. ऑटोनॉमस (स्वायत्त) आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचे नियम सारखे नसतात, आणि ‘सीनियर म्हणाला’ हा पुरावा धरला जाणार नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीला १६० क्रेडिट आणि मायनरसाठी त्यावर २० जादा आहेत. म्हणजे चार-पाच पूर्ण विषय.

एम-१, एम-२ (इंजिनिअरिंगचे गणिताचे पेपर) मध्ये चांगले मार्क पडले म्हणून उडी मारू नका. तिथे इंटिग्रल सोडवायचं असतं. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांच्या विषयात, ते मुळात अस्तित्वात का आहे हे सिद्ध करायचं असतं. घरी एक करून बघा: वाढत जाणारी, पण वरून बंधन असलेली वास्तव संख्यांची क्रमिका अभिसारी असते (एका ठरावीक संख्येच्या हवं तितकं जवळ जाते), हे पुस्तक मिटून सिद्ध करा. तासभर अडकूनही मजा आली तर जरूर या. नुसता वैताग आला तरी या, पण फॉर्म भरायची घाई नको.

सुरुवात लिनिअर अल्जिब्राने (मॅट्रिक्स, व्हेक्टरचं गणित) करावी असं माझं मत. कॉम्प्युटर, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) वाल्यांना लगेच उपयोग, शिवाय गेटलाही (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) येतं. एनपीटीईएलचे (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स) व्हिडिओ फुकट आहेत, फी फक्त परीक्षेची. त्याचे क्रेडिट तुमचं कॉलेज मायनरमध्ये धरतं का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

केटी (नापास राहिलेला विषय) असलेल्यांनी आधी ती काढावी.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. मिसळ बैठकीनंतर, आधी नाही.